वाव्हळे साहेबांच्या बोटीचं अंदाजपत्रक

गंगाखेडला स्टेशनच्या रस्त्यावर बर्फाचा एक कारखाना आहे. रसवंतीवाले, कुल्फीवाले आणि लग्नाचे आचारी एवढीच त्याची गिऱ्हाइकं. तिथं दर मे महिन्यात एक गृहस्थ सायकल भिंतीला टेकवून आत जातात आणि मालकाला विचारतात, "एका खेपेला आठ टन घेतला तर काय भाव लावताव?"

पहिल्या वर्षी मालकानं खुर्ची पुढं सरकवली, चहा सांगितला.

"कुनाचं लगन हाय?"

"लगन न्हाई. बोट हाय."

"कशी बोट?"

"मासेमारीची. खोल समुद्रातली. एकदा गेली की आठ-आठ दिवस बाहीर ऱ्हाते. मासळी टिकायला बर्फ लागतो."

मालकानं दाराबाहेर बघितलं. बाहेर मे महिन्याचं ऊन, उसाची एक रिकामी ट्रॉली आणि तिच्या सावलीला दोन कुत्री. समुद्र तिथून एक रात्र आणि अर्धा दिवस लांब.

"मग हितून न्यायचा का बर्फ?"

"न्हाई, तिथंच घ्यायचा. नुसता भाव ताडून बघायलोय. तिथला कारखानदार फसवायला तर न्हाई ना!"

दुसऱ्या वर्षीपासून मालकानं खुर्ची दिली नाही आणि चहाही दिला नाही. भाव मात्र सांगत राहिला.

हे गृहस्थ म्हणजे आमच्या कार्यालयातले सहाय्यक लेखाधिकारी प्रल्हाद वाव्हळे. मी आस्थापनेच्या टेबलावर, म्हणजे रजा, पगारवाढ, फंड वगैरे बघते. माझं टेबल आणि त्यांचं टेबल समोरासमोर, मध्ये फक्त एक कपाट. त्यामुळं ही बोट मी सात वर्षं रोज बघत आले. बघत आले म्हणजे तिच्यावर हसत आले. हसण्यात मी सगळ्यांच्या पुढं होते, हे आधीच कबूल केलेलं बरं.

वाव्हळे साहेब उंच, सडसडीत, पंचावन्नच्या घरातले. शर्टाच्या खिशात तीन पेनं. निळं रोजच्या कामाला, लाल चुका काढायला आणि हिरवं बोटीला. हिरव्या शाईनं सही करायचा मान आमच्याकडं फक्त मोठ्या साहेबांना. वाव्हळ्यांनी तो कार्यालयाच्या कागदावर कधी घेतला नाही. पण बोटीच्या वहीत तेच सगळ्यात मोठे साहेब होते, त्यामुळं तिथं बिनधास्त हिरवी सही करत.

वही म्हणजे लाल कापडी पुठ्ठ्याचं लांबडं रजिस्टर. त्यात बोटीचं वार्षिक अंदाजपत्रक, अगदी सरकारी नमुन्यात. डिझेल, बर्फ, आठ खलाशी आणि एक तांडेल यांचा पगार. "तांडेल म्हंजे बोटीचा ड्रायव्हर," असं त्यांनीच आम्हाला शिकवलं. मग जाळ्यांची दुरुस्ती, दोर, इंजिनाचं ऑइल, परवाना, विमा, वायरलेस, लाइफ जॅकेट, खलाशांचं रेशन, पावसाळ्याआधी बोट ओढून किनाऱ्यावर घ्यायची मजुरी, ती झावळ्यांनी शाकारायचा खर्च, रंग. शेवटी 'अनपेक्षित'. डिसेंबरात ते सुधारित अंदाजपत्रक काढत. मार्चात खर्चाचा मेळ घालत. एकदा त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, रंगात थोडी बचत व्हायली. ती दोराकडं वळवावी का?"

"वळवा की," मी म्हणाले, "पण आधी माशांच्या सर्वसाधारण सभेची मंजुरी घ्या."

सगळं ऑफिस हसलं. वाव्हळे साहेबही थोडे हसले आणि रंगाची रक्कम दोराकडं वळवून टाकली.

कुठलीही गोष्ट निघाली की त्यांचा प्रश्न ठरलेला, "तरतूद हाय का?" शिपायाच्या पोरीचं बारसं असो की साहेबांची बदली, आधी तरतूद. त्यांना मासा खाता येत नाही. खाणं सोडाच, येलदरीच्या धरणावर कुणी शेजारी मासे तळत बसलं तरी ते नाकाला रुमाल लावून वाऱ्याच्या उलट्या बाजूला जाऊन बसतात. तरी ते येलदरीला जात, कारण जाळं विणायची मजुरी काय चालली आहे हे त्यांना ताडून बघायचं असे. तिथल्या एका भोयानं त्यांना सांगितलं, "साहेब, आमच्यात जाळं बायकू शिवती. तिला मजुरी इचारायची हिंमत आपली न्हाई. तुमीच इचारा." वाव्हळ्यांनी खरोखर जाऊन विचारलं. त्या बाईनं जी मजुरी सांगितली ती ऐकून नवराच बेजार झाला.

सगळ्यात मजेचे दिवस म्हणजे अरबी समुद्रात वादळ उठल्याचे. टीव्हीवर कमी दाबाचा पट्टा आला की आमचा सगळा तालुका खूश. आता पाऊस येणार, सोयाबीन तरणार. ऑफिसात भज्यांची वर्गणी सुरू. आणि वाव्हळे साहेब मात्र मोबाईलवर वाऱ्याचा नकाशा उघडून बसलेले. डबा उघडायचा नाही, भजं घ्यायचं नाही. दर पंधरा मिनिटांनी उठून व्हरांड्यात जायचं आणि आभाळाकडं बघायचं, जसं काही गंगाखेडच्या आभाळावरून त्यांना तिकडचं कळणार होतं.

"कप्तान," आमचे रोखपाल गजाननराव ओरडत, "बोट बुडायली का काय?"

"परत फिरायला पाहिजे होती," ते पुटपुटत. "काल सांजच्यालाच फिरायला पाहिजे होती."

आम्ही पोट धरून हसायचो. ही बोट कुणाची, कुठली, असं सुरुवातीला कुणीतरी त्यांना विचारलं होतं. "हाय एक," एवढंच त्यांनी सांगितलं आणि तोंड फिरवलं. त्यावरून आम्ही ठरवून टाकलं की बोट फक्त वहीत आहे. माणूस चांगला, हिशोबाला चोख, फक्त डोक्याचा एक स्क्रू समुद्रात पडलेला. ही उपमा माझीच होती. ती तालुकाभर गेली.

मला एक गोष्ट सांगायला हवी. मला मसुदे फार छान लिहिता येतात. 'उपरोक्त विषयास अनुसरून', 'आपणांस कळविण्यात येते की', 'सदर बाब गांभीर्याने घ्यावी' अशी भाषा माझ्या हातातून नळासारखी वाहते. साहेब बदलले, पण प्रत्येक साहेबानं माझ्या मसुद्याचं कौतुक केलं. त्या गर्वातूनच पुढचं झालं.

गेल्या जूनमध्ये एका दुपारी काम कमी होतं. गजाननराव म्हणाले, "मॅडम, कप्तानाला एखादं अनुदान द्या की!" मी पेन उचललं आणि अर्ध्या तासात पत्र तयार केलं. 'समुद्रकिनारा नसलेल्या जिल्ह्यांतील नौकामालकांस प्रोत्साहन योजना'. अशी योजना कुठंच नव्हती, असं खातंही नव्हतं. नौकेचं इंजिन बदलण्यासाठी अनुदान मिळेल. सोबत मागील तीन वर्षांची अंदाजपत्रकं, नौकेचं नोंदणी प्रमाणपत्र, फोटो आणि मालकाच्या सहीचा अर्ज मूळ प्रतींसह जोडावा. 'नौका कोरडी असल्यास तसा दाखला जोडावा' ही ओळ मी शेवटी टाकली, कारण तिच्याशिवाय मला राहवेना. वाव्हळे जेवायला घरी गेले होते. मी ते पत्र खुर्चीवर उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलं, त्यांच्याच आवाजात, मध्ये मध्ये "तरतूद हाय का?" घालून. साहेबसुद्धा दारात येऊन हसून गेले. गजाननरावांनी ते पाकिटात घालून टपालात ठेवलं.

वाव्हळ्यांनी पाकीट फोडलं, तेव्हा सगळे आपापल्या फायलीत तोंड खुपसून होते. त्यांनी पत्र एकदा वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग घडी घालून खिशात ठेवलं, तीन पेनांच्या मागं. कुणाला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर त्यांचा अर्ज आला, पाच दिवसांची रजा. सात वर्षांत त्यांनी सलग पाच दिवस रजा कधी घेतली नव्हती.

"निघाला मुंबईला, खातं हुडकायला!" गजाननराव म्हणाले. आम्ही टाळ्या दिल्या. माझी टाळी जरा हलकी पडली, असं आता मला वाटतं. पण तेव्हा तसं काही नव्हतं. तेव्हा ती चांगली जोरातच होती.

सहाव्या दिवशी ते आले. नाकाचा शेंडा आणि कान उन्हानं सोललेले. कुणी काही विचारायच्या आत कामाला बसले. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्याकडं त्यांचा आणखी एक कागद आला. त्यांचा भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढायचा अर्ज. जवळजवळ सगळी रक्कम. कारण, 'घरदुरुस्ती'.

त्यांच्या नव्या घराचा गृहप्रवेश दोन वर्षांपूर्वीच झाला होता. मी जेवायला गेले होते. त्या घराला दुरुस्तीचं काही कारण नव्हतं.

मी तो कागद हातात धरून बसले. या माणसानं माझं पत्र खरं धरलं. कुठल्यातरी बंदरावर जाऊन अनुदानाच्या भरवशावर खरीच बोट बघून आला. आता उरलेल्या पैशासाठी म्हातारपणाची सगळी पुंजी काढतो आहे. आणि हे सगळं मी खुर्चीवर उभं राहून केलं.

दोन दिवस तो अर्ज मी दाबून ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "मॅडम, काही त्रुटी हाय का?" तेव्हा मी म्हणाले, "जरा रेकॉर्ड रूममध्ये येता का?"

रेकॉर्ड रूममध्ये जुन्या फायलींचे गठ्ठे आणि एक मोडकं बाकडं आहे. ते बाकड्यावर बसले. मी उभीच राहिले. बसायची माझी लायकी नव्हती.

"ते अनुदानाचं पत्र," मी म्हणाले, "खोटं आहे. मी लिहिलं होतं. चेष्टा म्हणून. तुम्ही पैसे काढू नका."

वाव्हळे साहेबांनी माझ्याकडं बघितलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पाकीट फोडलं तवापासून. जावक क्रमांक 'आस्था' नं सुरू व्हायलाय. समुद्राच्या खात्याचा नंबर आस्थापनेच्या नावानं कसा निघंल? ते तुमचं टेबल हाय, मॅडम. सवयीनं लिवून गेलाव." मग म्हणाले, "बाकी मसुदा लय चांगला होता. कोरड्या नौकेचा दाखला... मला एसटीत आठवून हसू आलं."

"मग गेलात कशाला? कुठं गेलात?"

एका गठ्ठ्याची सुटलेली नाडी त्यांनी पुन्हा बांधली.

"बोट माझ्या बहिनीची हाय," ते म्हणाले. "वंदीची. वंदना."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या शब्दांत सांगू शकत नाही, कारण मध्ये मध्ये ते थांबत होते आणि थांबलं की नाड्या बांधत होते. वंदना त्यांची धाकटी बहीण. नर्सिंग शिकायला कोकणात गेली आणि तिथल्याच एका बोटवाल्याशी लग्न करून मोकळी झाली. घरात कुणाला न विचारता. वडिलांनी तिचं नाव टाकलं. पुढं वडील वारले, तेव्हा ती नवऱ्याला घेऊन, एक रात्र आणि अर्धा दिवस प्रवास करून आली. मयताला सगळं गाव जमलेलं, बुद्धवंदना सुरू व्हायची होती. ती दारात पोचली तेव्हा प्रल्हाद पुढं झाला.

"मी म्हनलं, हितं तुमचं कोनी न्हाई. सगळ्यांसमोर म्हनलं. वडलांनी मला सांगितलं नव्हतं तसं म्हनायला. ते तर मरून पडले होते. मीच म्हनलं. लोक बघायलेत म्हनून म्हनलं." त्यांनी नाडीला गाठ मारली. "ती वरडली न्हाई, रडली न्हाई. तिथंच बाहेरून हात जोडले आन् उभ्या उभ्या परत गेली. नवऱ्याच्या हातात बापासाठी आनलेली फुलं होती. त्यानं ती कुठं टाकली, मला ठाऊक न्हाई."

पुढं अकरा वर्षं काही संबंध नाही. मग तिचा नवरा तापानं गेला. हे त्यांना नातेवाइकांकडून कळलं. जायला निघाले, परभणीपर्यंत गेले आणि परत फिरले. कोणत्या तोंडानं जायचं! आणि त्यानंतर दोन महिन्यांनी तिचाच फोन आला. रडणं नाही, बोलणं नाही. एवढंच म्हणाली, "तू हिशोबात हुशार हायस. बोट ठेवू का विकू, तेवढं काढून दे."

"मी आठ दिवस बसून काढलं. डिझेल म्हंजे काय, बर्फ म्हंजे काय, काय ठाऊक नव्हतं. इचारत गेलो. सगळं मांडून तिला सांगितलं, ठेव. तवापासून दर मे महिन्याला फोन करते. पाऊन तास बोलते. जाळं, बोटीचा पंखा, विमा. एवढंच. दुसरं मी इचारत न्हाई, ती सांगत न्हाई."

"पण मग तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही? आम्ही इतकी वर्षं..."

"काय सांगू? बोट बहिनीची म्हनलं की तुमी इचारणार, बहीन कुठं असते, येते का, राखीला जाताव का. त्याच्यापरीस स्क्रू ढिला हाय म्हनून घेनं बरं होतं."

म्हणजे माझी ती उपमा त्यांच्यापर्यंत पोचली होती.

त्या वर्षी वंदनाच्या बोटीचं इंजिन बंद पडलं. दुरुस्तीत अर्थ नाही, नवीनच घ्यावं लागेल, हे अंदाजपत्रकच सांगत होतं. पैसे भावाकडून ती घेणार नव्हती. मागं एकदा वाव्हळ्यांनी गुपचूप तिच्या खात्यात थोडे पैसे टाकले, तर दुसऱ्या दिवशी ते परत आले, एक रुपया जास्त घालून. "तो रुपया लय लागला मला," ते म्हणाले. आणि अशात माझं पाकीट त्यांच्या टेबलावर पडलं.

"मी म्हनलं, भावाचे घेत न्हाई, सरकारचे तर घेईल! आन् मालकाची सही पाहिजे, बोटीचा फोटो पाहिजे. जायलाच लागतंय की मग. तुमी कारण लिवून दिलं, मॅडम. मला सात वर्षांत सापडलं नव्हतं."

"काय म्हणाली ती?"

"दारात उभी ऱ्हायली. मला वाटलं आता म्हनंल, हितं तुझं कोनी न्हाई. तिला म्हनायचा हक्क होता. मी पत्र पुढं केलं. तिनं वाचलं आन् म्हनली, चप्पल काढून ये, आत्ताच पुसलंय."

ते पहिल्यांदाच नीट हसले. बोट किनाऱ्यावर ओढलेली होती, शाकारायची चालली होती. "एवढी मोठी आसंल वाटलं नव्हतं. माझ्या वहीत ती दोन पानांची हाय. दोन माणसांनी रंगवून व्हईल म्हनून मी मजुरी धरायचो, तिथं आठ जण लागतात. वंदी म्हनली, सात वर्षं तुझ्या हिशोबात रंग कमी पडायलाय, मी काही बोलले न्हाई." मग त्या बोटीवर शिडी लावून ते चढले. बोट वाळूत रुतलेली, तरी त्यांना चक्कर आली. त्यात खाली सुकी मासळी पसरलेली. तिच्या वासानं त्यांनी वरूनच ओकारी काढली. "खलाशी हसायले. आन् वंदी हसायली. खाली बसून हसायली. मी वरून बघत होतो. तोंड पुसायचं बी सुचलं न्हाई."

रेकॉर्ड रूमच्या खिडकीतून जेवायची सुट्टी संपल्याची घंटा ऐकू आली. ते उठले नाहीत.

"वहिनींना ठाऊक आहे?" मी विचारलं. "फंडाचं?"

"तिनंच सुचवलं. म्हनली, पेन्शन हाय आपल्याला. आता तुमी तेवढा अर्ज पुढं पाठवा. आन् आनखी एक काम हाय." त्यांनी खिशातून कोरा कागद काढला. "मंजुरीचं पत्र लागंल. पैसे नुसते गेले तर तिला संशय येईल. माझ्या हातून आकडेच येतात, भाषा येत न्हाई. तुमी लिवा. चेष्टेचं लिवलं होतं तसंच चांगलं लिवा."

मी बाकड्यावर बसले. आयुष्यात इतके मसुदे लिहिले, पण 'उपरोक्त विषयास अनुसरून' एवढं लिहायला मला कधी इतका वेळ लागला नव्हता. अनुदान मंजूर, रक्कम खात्यात वर्ग, परतफेड करावयाची नाही. ते शेजारी उभे राहून वाचत होते.

"एक अट टाका," ते म्हणाले. "दर वर्षी हंगामाच्या आधी बोटीची समक्ष पाहणी करण्यात येईल."

"कुणी करायची? सक्षम अधिकारी लिहू?"

"न्हाई."

"जवळचा नातेवाईक?"

त्यांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल शोधला, सापडला नाही. शर्टाच्या टोकानं पुसला.

"भाऊ लिवा," ते म्हणाले.

मी लिहिलं. त्यांनी कागद उचलून ती ओळ पुन्हा वाचली आणि हळूच विचारलं, "मॅडम, जाचक तर न्हाई ना वाटणार तिला ही अट?"

"नाही वाटणार," मी म्हणाले. मला काहीच ठाऊक नव्हतं.

इंजिन बसलं. ऑगस्टमध्ये बोट समुद्रावर गेली. मी हे सगळं ऑफिसात सांगायला निघाले होते, खुर्चीवर उभं राहून नाही, नीट सांगायला. पण वाव्हळ्यांनी हात जोडले. म्हणून आज पहिल्यांदा सांगते आहे, तेही त्यांना विचारून. तोपर्यंत ऑफिस हसत राहिलं आणि मी त्यात गप्प बसत राहिले. मध्यंतरी नवे साहेब आले. गजाननरावांनी त्यांना कप्तानाची ओळख करून दिली. साहेबांनी हसून विचारलं, "खरंच बोट आहे का हो यांची?" सगळे माझ्याकडं बघू लागले, कारण हा विनोद सांगायचा हक्क माझा.

"आहे," मी म्हणाले. "चांगली मोठी आहे. आठ खलाशी आहेत."

अख्खं ऑफिस फुटलं. इतका मोठा हशा मी आजवर कधी मिळवला नव्हता. मी रजेच्या फायलीत डोकं घातलं आणि कुणाच्या तरी रजेचे दिवस तीनदा मोजले.

हशा ओसरल्यावर वाव्हळे साहेब कपाटाला वळसा घालून माझ्या टेबलाशी आले. कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, मे महिन्यात पाहणीला जायलोय. तुमी बी चला."

"मी कशाला?"

"वंदीनं इचारलंय. फोनवर म्हनली, दादा, ते पत्र लिवनारी बाई कोन हाय? तिला एकदा घेऊन ये."

म्हणजे तिलाही ठाऊक होतं. पहिल्या पत्रापासून की दुसऱ्या, ते मी विचारलं नाही. वाव्हळे साहेब उत्तरासाठी थांबले होते. मी म्हणाले, बघते, रजा शिल्लक आहे का ते बघते.

माझी रजा भरपूर शिल्लक आहे. ते टेबल माझंच आहे, मला माहीत आहे. चार वेळा अर्ज लिहिला आणि चार वेळा फाडला. तिच्या दारात उभं राहून आधी काय बोलायचं, ते मला अजून लिहिता आलेलं नाही.